चाकांवरचें बिऱ्हाड आणि डोंगरांतील वाट

मेघदूताचा पूर्वार्ध आम्हीं शाळेंत पुष्कळ वर्षें शिकविला. त्यांतील काव्यरस सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांत एक व्यवहाराची गोष्टही आहे, तिकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. यक्षानें मेघास केवळ अलकेचा पत्ता सांगून वाटेस लावलें नाहीं. थकवा आला म्हणजे पर्वतशिखरांवर टेकावें, जल ओसरलें म्हणजे नद्यांचें हलकें पाणी घ्यावें, आणि उज्जयिनीसाठीं वाट वांकडी झाली तरी ती करावी, हें सर्व त्यानें आधींच सांगून ठेविलें. प्रवासाचा आराखडा म्हणतात तो हाच. किती दूर जावयाचें हें कोणीही सांगतो. कोठें थांबावयाचें आणि कोणासाठीं थांबावयाचें, हें घरीं बसून ठरविणारा विरळा.

आज हा विषय काढण्याचें कारण असें. आपल्या घरांतील मुलें अमेरिकेंत स्थायिक झालीं, त्यास आतां एक पिढी लोटली. आईबाप, काका, आत्या तिकडे जातात, दोन-चार महिने राहतात, आणि एखाद्या रात्रीं जेवतांना बेत निघतो कीं, सगळे मिळून आरव्ही घेऊं आणि डोंगरांत जाऊं. बेत उत्तम आहे. एकत्र राहण्याची संवय असलेल्या आपल्या मंडळींस तो फारच मानवतो. मात्र रस्ता डोंगरांतला आणि बरोबर वृद्ध माणसें, असा योग आला म्हणजे हौसेइतकाच हिशेबही लागतो. गेल्या वर्षीं सप्टेंबरच्या अखेरीस आम्हीं नऊ माणसांनीं कोलोराडो राज्यांतील सान हुआन पर्वतांच्या फेरीचा बेत आंखला आणि पार पाडला. तो कसा आंखला, हें सांगितल्यास कित्येक घरांस उपयोग होईल, या समजुतीनें हें लिहीत आहोंत.

प्रथम गाडीविषयीं. आरव्ही म्हणजे चाकांवरचें बिऱ्हाड. तींत चूल असते, शीतकपाट असतें, न्हाणीघर असतें आणि निजण्यास फळ्या असतात. बसगाडीएवढें प्रचंड, मालवाहू मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेलें मध्यम, लहान व्हॅनमध्यें बसविलेलें, आणि मोटारीमागें जोडून ओढून न्यावयाचें, असे त्याचे मुख्य प्रकार आहेत. घाटांत ओढावयाचें घर नको, हें आमच्या चिरंजिवांनीं पहिल्याच दिवशीं ठरविलें; अरुंद वळणावर तें मागें घेणें हें मोठें कसबाचें काम आहे. आम्हीं मध्यम प्रकारची, २५ फूट लांबीची गाडी घेतली. सहा माणसें निजतील एवढी ती होती. बाकी मंडळींसाठीं भाच्यानें आपली मोटार बरोबर घेतली, आणि तीच पुढें किती उपयोगी पडली तें येईलच. भरलेल्या अशा गाडीचें वजन पांच-सहा टन होतें, आणि एका गॅलन पेट्रोलांत ती आठ-दहा मैल जाते. गाड्या भाड्यानें देणारे बहुतेक सर्वजण कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास करारानेंच मनाई करतात; तेव्हां आडवाट म्हटली तरी ती डांबरी असावी लागते.

आतां रस्ता. सान हुआन हें रॉकी पर्वतांचेंच एक अंग असून तें कोलोराडोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत आहे. दुरँगोहून निघून सिल्व्हर्टन, यूरे, रिजवे, टेल्युराइडचें खोरें, डोलोरेस आणि कॉर्टेझ यांवरून पुन्हां दुरँगोस आणून सोडणारा हा वर्तुळाकार मार्ग सुमारें २३६ मैलांचा आहे. त्यास ‘सान हुआन स्कायवे’ असें नांव असून १९९६ सालीं तेथील सरकारनें देशांतील निवडक प्रेक्षणीय मार्गांत त्याची गणना केली. एकटा तरुण मोटार घेऊन निघाला तर एका दिवसांत फेरी पुरी करील. आम्हीं तीस आठ दिवस नेमले.

असें कां, हें मैलांवरून कळणार नाहीं, उंचीवरून कळेल. आपलें कळसूबाईचें शिखर सुमारें ५,४०० फूट उंच. महाराष्ट्रांत त्याहून उंच जागा नाहीं. दुरँगो हें गांवच ६,५०० फुटांवर वसलेलें आहे! तेथून रस्ता चढूं लागतो तो १०,६०० फुटांची कोल बँक खिंड आणि १०,९०० फुटांची मोलास खिंड ओलांडून ९,३०० फुटांवरील सिल्व्हर्टनला उतरतो; पुन्हां चढून ११,००० फुटांहून थोड्या अधिक उंचीची रेड माउंटन खिंड गांठतो; आणि तेथून दरीच्या कडेकडेनें ७,८०० फुटांवरील यूरे गांवांत उतरतो. फेरीच्या पश्चिम अंगास लिझर्ड हेड ही आणखी एक १०,२०० फुटांची खिंड आहे. ११,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रकांठच्या दाबाच्या दोन-तृतीयांशच असतो. म्हणजे आपण पूर्ण श्वास घेतला असें वाटावें आणि पदरांत मात्र दोन आणेच कमी नव्हे, पांच आणे कमी पडावे.

या डोंगरांत रस्ता झालाच कां, याची कथा ऐकण्यासारखी आहे. येथें पिढ्यान्‌पिढ्या युट लोक राहत असत. सोन्याचांदीचा शोध लागल्यावर १८७३ च्या करारानें हा प्रदेश त्यांच्याकडून काढून घेण्यांत आला. त्या वेळीं बोलणीं करणारा त्यांचा पुढारी यूरे याचें नांव गांवास राहिलें. त्याच्या टोळीस मात्र १८८१ सालीं शेजारच्या युटा प्रांतांत घालविण्यांत आलें. युटांच्या दक्षिणेकडील शाखा आजही दुरँगोच्या दक्षिणेस व कॉर्टेझजवळ आपापल्या राखीव प्रदेशांत नांदत आहेत. पुढें खाणींतील चांदी खालीं आणण्यासाठीं रशियन साम्राज्यांतून आलेल्या ऑटो मियर्स नांवाच्या उद्योगी गृहस्थानें १८८० नंतरच्या दशकांत कडा फोडून टोलाचा रस्ता केला. १९२० नंतर त्याच वाटेवर मोटारींसाठीं रस्ता बांधण्यांत आला. सिल्व्हर्टन-यूरेच्या या तुकड्यास ‘मिलियन डॉलर हायवे’ म्हणतात.

या चांदीचा आपल्या देशाशीं एक संबंध आहे, तो फारसा कोणास ठाऊक नसतो. १८९३ च्या जून महिन्यांत हिंदुस्थान सरकारनें मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळींत लोकांच्या चांदीचे मुक्तपणें रुपये पाडून देणें बंद केलें. तोंपर्यंत आपला देश जगांतील चांदीचें मोठें गिऱ्हाईक होता. ही बातमी पसरतांच चांदीचा भाव कोसळला. त्याच वर्षीं अमेरिकेनेंही सरकारी चांदीखरेदीचा आपला कायदा रद्द केला. आणि कोलोराडोंतील खाणींमागून खाणी बंद पडल्या. मुंबईच्या टांकसाळीचें दार मिटलें आणि पृथ्वीच्या पाठीवर पलीकडच्या डोंगरांतील गांवें ओस पडूं लागलीं, हें नातवंडांस सांगितलें तेव्हां त्यांस तें खरें वाटेना.

असो. घरांत नकाशा पसरला गेला आणि प्रत्येकजण आपापलें बोट ठेवूं लागला. नातवंडांस १३,००० फुटांवरील जीपच्या वाटा हव्या होत्या. भाच्यास छायाचित्रें घ्यावयाचीं होतीं. सूनबाईंस यूरेचे गरम पाण्याचे झरे पाहावयाचे होते. आमच्या हातांत खडूऐवजीं पेन्सिल होती एवढेंच, संवय जुनीच. आम्हीं एका कागदावर रकाने आंखले. पहिल्या रकान्यांत रात्रीं जेथें निजावयाचें त्या जागेची उंची. दुसऱ्यांत त्या दिवशींची सर्वांत उंच जागा आणि ती किती वाजतां ओलांडावयाची ती वेळ. तिसऱ्यांत जवळचें मोठें रुग्णालय. चौथ्यांत गाडी कोण चालविणार. पांचव्यांत, प्रकृति बिघडल्यास कोण मागें राहील, त्याच्यासोबत कोण राहील आणि कोणत्या वाटेनें पुन्हां भेट होईल. मैलांचा रकाना सर्वांत शेवटीं. चिरंजीव म्हणाले, “नाना, हा तर परीक्षेचा तक्ता झाला.” आम्हीं म्हटलें, “परीक्षाच आहे. फक्त उत्तरें आधीं लिहावयाचीं आहेत.”

पांचव्या रकान्यावर गाडें अडलें. आमच्या वडील भगिनी अक्का त्या वेळीं मुलाकडे, म्हणजे आमच्या भाच्याकडे, आलेल्या होत्या. वय ७४. नित्य दोन मैल चालणाऱ्या. पन्नाशी उलटल्यावर गिरनार चढून आलेल्या. भाच्याचें म्हणणें, “आई भक्कम आहे, तिला कांहीं होणार नाहीं.” सूनबाईंचें म्हणणें, आत्यांना न्यावेंच कशाला, त्यांच्यासाठीं समुद्रकांठीं निराळी सहल करूं. दोघांच्याही बोलण्यांत प्रेमच होतें, आणि दोघेही अक्कांना न विचारतां बोलत होते. गिरनार साडेतीन हजार फुटांचा. सिल्व्हर्टन त्याच्या अडीच पटींहून उंच. पायांतील बळावरून रक्त विरळ हवेशीं कसें जुळवून घेईल हें कळत नाहीं. तरुण पहिलवानास त्रास व्हावा आणि काटक म्हातारीस न व्हावा, असेंही घडतें. आमच्या डॉक्टरांनीं अक्कांना तपासून जाण्यास आडकाठी नाहीं असें सांगितलें. परंतु वर गेल्याखेरीज खात्री देतां येत नाहीं, हेंही स्पष्ट केलें.

शेवटीं अक्काच बोलल्या. “मला खालीं ठेवणार असाल तर आज सांगा. वर नेऊन मग सांगूं नका. आणि मी जड झालें असें तोंडावर दाखवूं नका.” एवढें बोलून त्या देवघराकडे गेल्या. त्यानंतर घरांत ‘न्यावें कीं न न्यावें’ हा वाद उरला नाहीं. कसें न्यावें एवढाच प्रश्न राहिला.

त्यास उत्तर सांपडलें तें दुरँगोच्या लहान आगगाडींत. १८८२ सालीं सिल्व्हर्टनपर्यंत पोंचलेली ही तीन फुटी रुळांची गाडी आजही उतारूंना घेऊन जाते. माथेरानची आपली गाडी १९०७ सालची आणि दोन फुटी रुळांची. तिची ही थोरली बहीण म्हणावी. ४५ मैलांची वाट ती अ‍ॅनिमास नदीच्या कांठाकांठानें साडेतीन तासांच्या सुमारास चढते, वर दोन तास थांबते आणि संध्याकाळीं परत आणून सोडते. म्हणजे दिवसा ९,३०० फुटांवर जावें आणि निजण्यास ६,५०० फुटांवर यावें. उंचीचा अभ्यास करावयाचा तो असाच करतात. दुरँगोस दोन रात्री काढून तिसऱ्या दिवशीं सर्वांनीं आगगाडीनें जावें. अक्कांना वर बरें वाटलें तर त्या खिंडी ओलांडून येतील. न वाटलें तर भाचा, भाचेसून आणि आमच्या सौ. त्यांच्यासह दुरँगोस राहतील आणि मोटारीनें, खिंडी न चढतां, दुरँगोच्या पश्चिमेस सुमारें ३५ मैलांवर असलेल्या मेसा व्हर्दे येथें आम्हांस येऊन मिळतील. हें अक्कांच्या समक्ष, त्यांच्या संमतीनें कागदावर लिहिलें गेलें.

दिशेचाही विचार करावा लागला. फेरी कोणत्याही बाजूनें करतां येते. परंतु अमेरिकेंत वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालतात आणि यूरेजवळच्या कड्यावर दरी पश्चिमेस आहे. सिल्व्हर्टनहून उत्तरेकडे जाणाऱ्याच्या उजव्या हातास डोंगर राहतो. उलट येणारा दरीच्या काठावरून येतो, आणि त्या कांठास बहुतेक ठिकाणीं कठडा नाहीं. हिंवाळ्यांत साठलेलें बर्फ यंत्रांनीं दरींत लोटावें लागतें, तेथें कठडा आड येतो. नकाशावर पाहतां आमची फेरी अप्रदक्षिण होत होती; तथापि पूज्य वस्तु उजव्या हातास असावी हा प्रदक्षिणेचा हेतु त्या कड्यावर तरी आपोआप साधत होता. अक्कांस हा युक्तिवाद पटला नाहीं, परंतु त्या हंसल्या.

उतारावर पांच-सहा टनांची गाडी केवळ ब्रेकवर धरूं गेल्यास ब्रेक तापून निकामी होतात. म्हणून जो गिअर चढास लागेल, त्याच खालच्या गिअरमध्यें उतरावें, म्हणजे यंत्रच गाडीस आवरतें, आणि ब्रेक मधूनमधून थोडाथोडाच लावावा. मागें मोटारी सांचल्या तर रुंद जागा पाहून कडेस थांबावें व त्यांस जाऊं द्यावें. वेळेचा नियम त्याहून कडक ठेवावा. आपल्याप्रमाणें तेथेंही जुलै-ऑगस्टांत मान्सून असतो, आणि सप्टेंबरांतही दुपारनंतर ढग जमून विजा पडतात. दुपारी बाराच्या आंत शेवटची खिंड पाठीमागें पडलीच पाहिजे, असें आम्हीं लिहून ठेविलें.

स्वयंपाकाकडे पुरुष मंडळींचें दुर्लक्ष होतें, आणि पहिली फजिती तेथेंच होते. उंचीबरोबर पाण्याचा उकळबिंदु उतरतो, साधारण दर हजार फुटांस एक अंश सेंटिग्रेड. पुण्यास पाणी ९८ अंशांवर उकळतें, दुरँगोस ९३ वर, सिल्व्हर्टनला ९१ च्याही खालीं. पाणी उकळतें, बुडबुडे येतात, परंतु डाळ शिजत नाहीं. उघड्या पातेल्यांत तासभर खदखदूनही हरभरा दातांस कडकडीत लागतो. आमच्या सौ. मुंबईहून निघतांना कुकर ट्रंकेंत घालूं लागल्या तेव्हां सर्वांनीं थट्टा केली होती. वरणभात मिळाला तो त्या कुकरामुळेंच. शिट्ट्या मात्र नेहमींपेक्षां दोन अधिक घ्याव्या लागतात. चिवड्याच्या बंद पिशव्या बाहेरील दाब कमी झाल्यानें उशीसारख्या फुगतात, आणि त्यांवर मुलांची करमणूक होते.

गाडींत तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, मोरीच्या सांडपाण्याची आणि शौचकूपाची. स्वच्छ पाणी सुमारें ४० गॅलन, म्हणजे दीडशें लिटर. सहा माणसांस तें दीड-दोन दिवस पुरतें, आंघोळी आपल्याकडील पद्धतीनें झाल्यास एकही दिवस नाहीं. वनखात्याच्या तळांवर पुष्कळ ठिकाणीं वीज किंवा नळ जोडण्याची सोय नसते. रिजवेच्या सरकारी उद्यानांत वीज मिळते. म्हणून एक रात्र सोयीची, एक रात्र बिनसोयीची, असा क्रम ठेवावा. मैला ठराविक जागींच रिकामा करावयाचा असतो. तें काम आम्हीं नातवाबरोबर पाळीपाळीनें केलें. घरांतील कोणतें काम कोणाचें, याविषयींच्या पुष्कळ जुन्या समजुती त्या नळीपाशीं निकालांत निघतात.

ठरल्याप्रमाणें तिसऱ्या दिवशीं आगगाडीनें गेलों. वाटेंत अक्का खिडकीशीं बसून बोलत होत्या. सिल्व्हर्टनच्या रस्त्यावर दोन-तीनशें पावलें चालल्यावर त्या थांबल्या. डोकें धरलें, धाप लागली, पोळीचा घांस पुढें केला तर नको म्हणाल्या. त्यांस बसवून ठेविलें, पाणी दिलें. संध्याकाळीं गाडी खालीं उतरूं लागली तसें डोकें हलकें होत गेलें, आणि दुरँगोस त्यांनीं पोटभर दहीभात खाल्ला. रात्रीं भाचा कांहीं बोलूं लागला तोंच अक्का म्हणाल्या, “ठरलें तसें करा. मला रोज संध्याकाळीं फोन करून हकीगत सांगा. मात्र कड्यावरून करूं नका.” भाच्याची छायाचित्रांची हौस आम्हांस ठाऊक होती. कागदावर त्याचें नांव त्याच्याच हातानें लिहिलेलें होतें; तो एक शब्दही बोलला नाहीं, आणि सकाळीं आपला कॅमेरा त्यानें आमच्या नातीच्या गळ्यांत घातला.

पहाटे साडेसहास आम्ही पांचजण निघालों. मोलासच्या माथ्यावर गवतावर दंव गोठलें होतें. साडेनऊला सिल्व्हर्टनला चहा घेतला. पाणी पुरतें न तापल्यानें तो बेचवच झाला. रेड माउंटन खिंडीवर लोहाच्या गंजानें तांबडे झालेले डोंगर समोर उभे होते, आणि खालीं जुन्या खाणींचीं लाकडी घरें कलंडलेलीं दिसत होतीं. खिंडीजवळ, हिंवाळ्यांत रस्त्यावरील बर्फ काढतांना हिमपातांत गडप झालेल्या तिघां चालकांचें स्मारक आहे. नातवानें तीं नांवें मोठ्यानें वाचलीं. त्यानंतर यूरेपर्यंत गाडींत कोणी फार बोललें नाहीं. ताशीं १५-२० मैलांच्या वेगानें, दुसऱ्या गिअरमध्यें, चिरंजीव एकेक वळण उतरवीत होते. उजव्या हातास ओला काळा कातळ, डाव्या हातास नुसती हवा. उतारांवर अ‍ॅस्पेनचीं झाडें हळदीच्या रंगाचीं झालीं होतीं. खालीं ओढ्याचें पाणी नारिंगी दिसत होतें. तो खाणींतून व खडकांतून झिरपणाऱ्या लोहाचा रंग. ऑगस्ट २०१५ मध्यें सरकारच्या पर्यावरण खात्याच्या कामगारांच्या हातून सिल्व्हर्टनजवळच्या एका बंद खाणीचें तोंड फुटून तीस लाख गॅलन दूषित पाणी सुटलें, आणि अ‍ॅनिमास नदी दुरँगोपर्यंत अशीच रंगली होती. चांदीचे दिवस सरले तरी तिचें देणें फिटलेलें नाहीं.

साडेअकराला आम्ही यूरेंत होतों. दोन वाजतां रिजवेच्या तळावर गाडी उभी केली, आणि अर्ध्या तासांत मागच्या शिखरांवर विजा चमकूं लागल्या; गाडीच्या छतावर गारा वाजूं लागल्या. त्या वेळीं आम्ही कड्यावर नव्हतों, याचें सर्व श्रेय त्या दुसऱ्या रकान्यास आहे.

पुढील वाट सोपी. रिजवेस दोन रात्री राहून, डॅलस डिव्हाइड ओलांडून, टेल्युराइडच्या खोऱ्यावरून लिझर्ड हेडपर्यंत चढलों आणि डोलोरेस नदीच्या सोबतीनें लांब, सावकाश उतरत कॉर्टेझकडे आलों. मेसा व्हर्देच्या मोरफील्ड तळावर संध्याकाळीं पोंचलों तेव्हां भाच्याची मोटार आधींच येऊन उभी होती, आणि कुकराची शिट्टी ऐकूं येत होती.

मेसा व्हर्दे १९०६ पासून राष्ट्रीय उद्यान आणि १९७८ पासून जागतिक वारसास्थान आहे. कड्याच्या पोटांतील कपारींत दगडामातीचीं घरें बांधून प्युब्लो लोकांचे पूर्वज येथें राहत. तेराव्या शतकाच्या अखेरीस ते दक्षिणेकडे निघून गेले. ‘क्लिफ पॅलेस’ या एकाच कपारींत सुमारें १५० खोल्या आहेत. मुलें शिड्या चढून आंतून पाहून आलीं. अक्कांनीं समोरच्या कांठावरून, खुर्चीवर बसून, पाऊण तास पाहिलें. पठारावर मका, घेवडा आणि भोपळा पिकवीत, आणि खडकांत खोदलेल्या हातापायांच्या खोबणींतून वरखालीं करीत, असें मार्गदर्शकानें सांगितलें होतें. तें नातीनें येऊन अक्कांस सांगितलें. त्यांनीं विचारलें, “मग इथल्या म्हाताऱ्या कशा चढत असतील?” आणि थोड्या वेळानें आपणच म्हणाल्या, “नसतील चढत. कोणीतरी पाणी आणून देत असेल.”

ज्या घरांत असा बेत चालला असेल त्यांनीं थोड्या गोष्टी आधीं कराव्या. सरकारी तळांच्या जागा पुष्कळदां सहा महिने आधीं सुटतात आणि लवकर भरतात; त्या आधीं घ्याव्या. अ‍ॅस्पेनचा रंग पाहावयाचा तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा धरावा. ऑक्टोबरांत खिंडींवर बर्फ केव्हांही पडतें. मोठीं रुग्णालयें दुरँगो, माँट्रोज आणि कॉर्टेझ येथें आहेत, मधल्या वाटेवर नाहींत. डोंगरांत फोन चालेलच असें नाहीं, म्हणून कागदी नकाशा बाळगावा. अन्न उघडें ठेवूं नये, अस्वलें येतात. डोकेंदुखी थांबत नसेल, ओकारी होत असेल, चालतांना झोंक जात असेल किंवा बसल्याजागीं धाप लागत असेल, तर विसाव्याची वाट न पाहतां खालीं उतरावें. औषध घ्यावयाचें तें डॉक्टरांस विचारूनच. चालक थकलों म्हणाला तर कोणींही वाद घालूं नये.

आणि या सर्वांच्या आधीं, घरांतील सर्वांत वडील माणसास समोर बसवून, कोणत्या उंचीवरून परतावयाचें आणि कोणी कोणासोबत परतावयाचें, हें त्यांच्याच तोंडून ठरवून घ्यावें व लिहून ठेवावें. गाडी किती फुटी घ्यावी, हा प्रश्न त्यानंतरचा.